प्रकल्प नोंदी: दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरला वीज किती लागते

३ मार्च २०२५, सोमवार

काल संध्याकाळी गावातल्या दूध संस्थेत होते. सव्वासातला लाईट गेली. फॅट मशीनला स्वतःची बॅटरी आहे, काटाही बॅटरीवर चालतो. अडतो तो फक्त कॉम्प्युटर. यूपीएस एकोणीस मिनिटं टिकला, मग एक लांब शिट्टी आणि स्क्रीन काळी. रांगेत अजून चाळीसेक सभासद किटल्या घेऊन उभे. तात्यांनी (संस्थेचे सचिव) खणातून वही काढली आणि मोबाईलच्या उजेडात लिहायला सुरुवात केली. हे सगळं रात्री परत कॉम्प्युटरवर चढवायचं. त्यात एक फॅट इकडची तिकडे झाली की दहा दिवसांच्या बिलाला तक्रार ठरलेली.

तात्या म्हणाले, "ताई, बॅटरी दोनदा बदलली. ह्यो कॉम्प्युटरच लाईट लई खातोय बगा."

कॅबिनेटच्या मागे हात धरला. चांगलीच गरम हवा येत होती. लाईट जायच्या आधीही, काट्यावर काही नसताना, पंखा जोरातच फिरत होता हे तेव्हा आठवलं. सॉफ्टवेअर माझं आहे. दोन वर्षांपूर्वी लिहिलं, आज चौदा संस्थांत चालतं. तात्यांचं म्हणणं खरं असेल तर चौदाही ठिकाणी खरं असणार.

तर या नोंदींचा प्रश्न एवढाच: आमचा प्रोग्रॅम किती वीज घेतो, आणि त्यातली कामाला किती लागते?

६ मार्च

संस्थेत आहे तसाच कॉम्प्युटर घरी मांडला: जुन्या बाजारातून आणलेला, इंटेलचा आय-थ्री ४१३० प्रोसेसर, २०१३ सालचा. वर उबंटू (लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम), तीही संस्थेतलीच आवृत्ती. काट्याच्या जागी एक जुना लॅपटॉप, तो सिरियल केबलवरून काट्यासारखेच आकडे पाठवतो.

मोजायला दोन साधनं. एक, भिंतीच्या सॉकेटला लावायचा वॉटमीटर. तो सगळ्याची मिळून वीज दाखवतो, पण हळू आणि ढोबळ. दुसरं, प्रोसेसरच्या आतलाच मीटर. इंटेलने २०११ मध्ये सँडी ब्रिज प्रोसेसरपासून 'रॅपल' नावाची सोय दिली. प्रोसेसरने आतापर्यंत किती ऊर्जा वापरली याचा एक आकडा आतच वाढत राहतो आणि लिनक्स तो साध्या फाईलसारखा वाचायला देतं. सुरुवातीच्या प्रोसेसरमध्ये तो आकडा हिशेबाने काढलेला अंदाज असायचा. आपला प्रोसेसर हॅसवेल पिढीचा, त्यात प्रत्यक्ष मोजमाप आहे. म्हणून विश्वास ठेवायला हरकत नाही.

फाईल वाचायला गेले तर परवानगी नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये 'प्लॅटिपस' हा हल्ला उघड झाला. विजेच्या या आकड्यांतले बारीक चढउतार पाहून एन्क्रिप्शनच्या (माहिती कुलूपबंद करण्याच्या) गुप्त किल्ल्या ओळखता येतात असं संशोधकांनी दाखवलं, आणि तेव्हापासून लिनक्समध्ये ही फाईल फक्त रूट (सगळे अधिकार असलेल्या) वापरकर्त्यालाच वाचता येते. वीज मोजणं म्हणजे आत काय चाललंय ते ऐकणं, हे यातून फार स्पष्ट कळतं.

१० मार्च

पहिले आकडे. काट्यावर काही नाही, कोणी सभासद नाही, प्रोग्रॅम नुसता उघडा.

प्रोग्रॅम बंद असताना प्रोसेसर ५.१ वॅट. उघडल्यावर १७.६ वॅट. भिंतीवर २७ चे ४५.

एक कोर (प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) पूर्ण शंभर टक्के व्यस्त. कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. काट्याकडून आकडा येतो ती पोर्ट (केबल जोडायची जागा) वाचणारा धागा (प्रोग्रॅममधलाच स्वतंत्र चालणारा एक भाग) असा चालतो: काही आलं का? नाही. काही आलं का? नाही. मोजलं तर हा प्रश्न तो सेकंदाला सुमारे साडेतीन लाख वेळा विचारतो. काटा आकडा पाठवतो सेकंदाला आठ वेळा.

हे असं का लिहिलं तेही जुन्या नोंदींत सापडलं. पहिल्या आवृत्तीत मधे थोडी झोप होती, पण आकडे अर्धवट तुटून यायचे, ६.४० चं ६.४ आणि मग नुसता शून्य. तेव्हा झोप काढून टाकली, तुटणं कमी झालं, आणि काम झालं असं समजून पुढे गेले. खरा दोष वेगळाच होता: आकडा कुठे संपतो ते न बघता मी ठरावीक अक्षरं मोजून तोडत होते. दोष झाकला गेला आणि त्याची किंमत दोन वर्षं चौदा संस्था भरत आल्या.

१३ मार्च

रात्री दहा ते सकाळी सहा मोजणी लावून झोपले. सकाळी उत्तर उणे आलं: उणे १७,४०८ ज्यूल. वीज उणी कशी खर्च होईल?

आतला आकडा ३२ बिटांचा आहे. या प्रोसेसरवर तो साधारण २,६२,१४४ ज्यूलला पोचला की शून्यापासून पुन्हा सुरू होतो, जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यासारखा. मग एक फेरा मिळवला: आठ तासांची सरासरी ८.५ वॅट आली. आकडा दिसायला अगदी पटण्यासारखा, आणि साफ चुकीचा. १७.६ वॅटला एक फेरा चार तास आठ मिनिटांत पुरा होतो, म्हणजे रात्रीत दोनदा शून्यावरून गेला होता. दोन फेरे मिळवल्यावर हिशेब जुळला.

उणं आलं म्हणून तपासलं तरी. मोजणी सुरू करताना आतला आकडा शून्याच्या जराच वर असता तर उत्तर अधिक आलं असतं आणि ८.५ हाच आकडा मी वहीत लिहून ठेवला असता. आता दर मिनिटाला वाचून बेरीज करत जायचं.

१९ मार्च

मोजणीची पद्धत पक्की केली, कारण तोच प्रयोग दोनदा केला की दोन उत्तरं येत होती.

प्रत्येक आवृत्ती तीस वेळा. क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा मिसळलेला, म्हणजे दुपारची उष्णता एकाच आवृत्तीच्या वाट्याला जाणार नाही. तापलेला प्रोसेसर त्याच कामाला थोडी जास्त वीज घेतो, गळती वाढते म्हणून. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे टाकून द्यायचे. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, आपोआप होणारं अपडेट बंद. हे शेवटचं मंगळवारी शिकले: तीसपैकी एका फेरीत दुप्पट वीज दिसली आणि मी अर्धा दिवस माझ्या कोडमध्ये कारण शोधत बसले. त्या वेळी मागे उबंटू स्वतःचे पॅकेज उतरवत होतं.

या प्रोसेसरला टर्बो नाही, त्यामुळे वेग मधेच वर जायची भानगड नाही. नवीन मशीनवर मोजताना ते बघावं लागेल.

२५ मार्च

धाकट्याशी (इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीत मदत करतो) बराच वाद झाला. आमचा प्रोग्रॅम पायथॉन या भाषेत लिहिलेला आहे. त्याचं म्हणणं, "ताई, पायथॉनच टाकून दे. रस्टमध्ये लिहू." त्याने २०१७ चा पोर्तुगालमधल्या संशोधकांचा तक्ता दाखवला. कोणती भाषा किती वीज घेते याची सत्तावीस भाषांची तुलना: सी भाषेला १ धरलं तर रस्ट १.०३, जावा १.९८, पायथॉन ७५.८८. तक्ता फार फिरतो आणि पाहिल्याबरोबर कोणालाही वाटावं की पायथॉन लिहिणं म्हणजे वीज जाळणं.

मी त्याला त्याच तक्त्यातल्या दोन ओळी दाखवल्या. जावास्क्रिप्ट ४.४५ आणि टाइपस्क्रिप्ट २१.५०. टाइपस्क्रिप्टचं भाषांतर होऊन शेवटी जावास्क्रिप्टच चालते, मग पाचपट फरक कुठून? मुख्यतः एकाच प्रोग्रॅममुळे, जो दोन्हीकडे वेगळ्या प्रकारे लिहिला होता. सरासरीत तो एकटा सगळ्यांना ओढून घेऊन गेला. अॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या गटाने २०२४ मध्ये हा विषय पुन्हा तपासला. प्रोग्रॅम किती वेळ चालला, किती कोर कामाला लागले, हे लक्षात घेतल्यावर भाषेचा असा वेगळा हिस्सा त्यांना फारसा उरलेला दिसला नाही.

आणि आमच्यासाठी त्याहून मोठा मुद्दा: तो तक्ता सतत गणित करणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. आमचा प्रोग्रॅम गणित करतच नाही. तो वाट बघतो. दोन तासांच्या संकलनात दर ठरवणं, पावती बनवणं, नोंद करणं या सगळ्याचा मिळून प्रोसेसरचा वेळ मोजला: चौदा सेकंद. ही चौदा सेकंदं रस्टमध्ये एक सेकंद होतील, बाकीचे एक तास एकोणसाठ मिनिटं तशीच राहतील. 'काही आलं का' हा प्रश्न रस्टमध्ये विचारला तर तो फक्त जास्त वेगाने विचारला जाईल.

धाकटा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग वाट कशी बघायची ते शिकवायला पाहिजे त्याला." बरोबर तेच.

१ एप्रिल

पाडवा झाल्यावर दोन दिवस सलग बसून दोन आवृत्त्या केल्या.

पहिली सोपी: प्रत्येक प्रश्नानंतर दहा मिलिसेकंद झोप. १७.६ चे ६.९ वॅट. एवढ्यावर कोणीही थांबेल.

दुसरी: विचारायचंच नाही. पोर्टवर काही आलं की मला उठव, असं कर्नेलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) सांगून धागा झोपी जातो. आकडा कुठे संपतो ते आता ओळीच्या शेवटच्या खुणेवरून ओळखतो, म्हणजे जुना दोषही गेला. ५.४ वॅट. प्रोग्रॅम बंद असताना ५.१ होते.

६.९ आणि ५.४ मध्ये फरक का, ते पॉवरटॉपने दाखवलं. हे इंटेलने २००७ मध्ये काढलेलं साधन, प्रोसेसरला कोण किती वेळा उठवतं त्याची यादी देतं. त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.२१ आवृत्तीत कर्नेलचा स्वतःचा ठोकाही रिकाम्या वेळी बंद झाला. आधी काही काम नसलं तरी कर्नेल सेकंदाला शेकडो वेळा जागं व्हायचं. कर्नेल शांत झाल्यावर उरलेला गोंगाट कोणाचा ते कळायला पॉवरटॉप आलं. प्रोसेसरच्या झोपेला पायऱ्या असतात. खोल पायरीवर कोरचा वीजपुरवठाच जवळजवळ तुटतो, पण तिथे जायला आणि परत यायलाही थोडा खर्च आहे, म्हणून जरा निवांत वेळ मिळणार असेल तरच तो खाली उतरतो. दहा मिलिसेकंदांची झोप म्हणजे सेकंदाला शंभर वेळा दार वाजवणं. तान्ह्या बाळाजवळ झोपलेल्या आईला विचारावं, आठ तास पडून राहिलात ना, मग झोप झाली असेल!

भिंतीवर ४५ चे २७.५. प्रोसेसरमध्ये बारा वॅट वाचले पण भिंतीवर साडेसतरा, कारण पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डवरचं विजेचं रूपांतर प्रत्येक वॅटमागे आपला वाटा घेतं. शिवाय पंखाही मंदावला. खोली इतकी शांत झाली की प्रोग्रॅम बंद पडला असं वाटून मी स्क्रीन बघायला उठले.

४ एप्रिल

नवी आवृत्ती संस्थेत टाकणार होते, बरं झालं टाकली नाही.

संध्याकाळी टेबल सरकवताना सिरियल केबल निघाली. स्क्रीनवर ६.४० लिटर तसंच. लॅपटॉपवरून मी आधीचा आकडा पाठवला होता तोच. धागा बिचारा झोपलेला, त्याला उठवायला कोणी नाही, आणि स्क्रीन जुना आकडा खरा असल्यासारखा दाखवत राहिली. एंटर दाबलं असतं तर पुढच्या सभासदाच्या नावावर आधीच्याचं दूध गेलं असतं. जुना प्रोग्रॅम वीज खायचा, पण पोर्ट गेली की दुसऱ्या क्षणी ओरडायचा.

वीज वाचवताना मापात चूक खपणार नाही. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला अर्धा लिटर म्हणजे काय ते मी रांगेत पाहिलेलं आहे.

आता काट्याकडून एक सेकंदात काहीच आलं नाही तर आकड्याची जागा रिकामी होते, लाल चौकट येते आणि पावती निघत नाही. सेकंदाला एकदा उठण्याची किंमत मोजली, मीटरवर दिसलीसुद्धा नाही. केबल वीस वेळा काढून बघितली, धाकट्याकडूनही काढवली.

९ एप्रिल

संकलन चालू असतानाचं मोजलं. काटा सेकंदाला आठ वेळा आकडा पाठवतो, आणि आमचा प्रोग्रॅम तो आकडा तोच असला तरी अख्खी खिडकी पुन्हा रंगवतो. आकडा बदलला तरच, आणि फक्त आकड्याची चौकट रंगवायची, असं केलं. ८.२ चे ६.३ वॅट. तीन दिवस लागले.

मग सहज मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरवरून चाळीसवर आणला. १८ वॅटचे ११.५. दोन मिनिटं लागली. मॉनिटर जुना एलसीडी आहे, त्यात मागचा दिवा सतत जळतो, म्हणून ब्राइटनेसच बघावा लागतो. काळ्या रंगाची थीम इथे काही उपयोगाची नाही. तिचा फायदा ओएलईडी पडद्यांवर, आणि तिथेही ब्राइटनेस कमी असेल तर बेताचाच.

तीन दिवस वाया गेले असं नाही, पण हे आधी मोजायला हवं होतं. कुठे किती जातं ते पाहिल्याशिवाय कोड उघडायचा नाही.

१२ एप्रिल

जोतिबाची यात्रा. धाकटा डोंगरावर. काम बंद.

१५ एप्रिल

कार्बनचा हिशेब करून पाहिला.

ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था २०२१ मध्ये सुरू झाली. त्यांची मोजण्याची रीत २०२४ मध्ये आयएसओ मानक झाली. रीत सोपी आहे: वापरलेली वीज गुणिले त्या विजेमागचं उत्सर्जन, अधिक यंत्र बनवताना झालेल्या उत्सर्जनातला आपला वाटा, आणि हे सगळं भागिले कामाचं एक एकक. एकक आपण ठरवायचं. आमचं एकक: एक पावती.

संध्याकाळच्या दोन तासांत साधारण १८० पावत्या. मॉनिटर धरून आधी ६३ वॅट होते, आता ३९. एका पावतीमागे २,५२० ज्यूल होते, आता १,५६०. दिवसाचे पाच तास धरले तर एका संस्थेत वर्षाला सुमारे ४४ युनिट वाचतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या आकड्याप्रमाणे आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे संस्थेमागे सुमारे ३२ किलो, चौदा संस्थांचे मिळून साडेचारशेच्या आसपास.

गेल्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अहवाल आला. जगातल्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये ४१५ टेरावॅट तास (म्हणजे ४१५ अब्ज युनिट) वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत ती दुपटीच्या वर जाईल. त्यापुढे आमचे ६१३ युनिट कुठे दिसणारही नाहीत, हे मला मान्य आहे. पण त्या ४१५ मध्येही कुठेतरी कोणीतरी सेकंदाला साडेतीन लाख वेळा 'काही आलं का' विचारत असणारच, आणि ते त्यालाच त्याच्या मशीनवर शोधावं लागेल.

हिशेबातला तिसरा भाग, यंत्र बनवतानाचं उत्सर्जन, मला जास्त महत्त्वाचा वाटला. तात्यांच्या संचालकांनी नवीन कॉम्प्युटर घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं, 'जुना लाईट खातो' म्हणून. जुन्याने काही केलं नव्हतं. जर्मनीच्या ब्ल्यू एंजल या पर्यावरण चिन्हाच्या सॉफ्टवेअरसाठीच्या निकषांत पाच वर्षं जुन्या यंत्रावरही प्रोग्रॅम नीट चालला पाहिजे अशी अट आहे. २०२२ मध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समूहाच्या ओक्युलर या पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅमला ते चिन्ह मिळालं, सॉफ्टवेअरमधलं पहिलं. ही अट मी आमच्या टेबलासमोर लिहून लावली.

२२ एप्रिल

संस्थेत नवी आवृत्ती टाकली, ब्राइटनेस कमी केला. सकाळचं संकलन संपल्यावर तात्यांसमोर यूपीएसचा प्लग काढला. बॅटरी तीच, रात्रभर चार्ज झालेली. प्रोग्रॅम उघडा, दर मिनिटाला दोन खोट्या पावत्या.

एकोणीस मिनिटं झाली. विसावं मिनिट. तात्या चहा घेऊन आले. छत्तिसाव्या मिनिटाला शिट्टी.

भार ६३ चा ३९ झाला, म्हणजे सरळ त्रैराशिकाने एकतीस मिनिटं यायला हवी होती. वरची पाच मिनिटं शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या स्वभावातली: तिच्या क्षमतेचा सात अँपिअर-तास हा आकडा ती वीस तास सावकाश रिकामी केली तरच खरा. जोरात ओढलं की तेवढं ती देतच नाही, हळू ओढलं की जास्त देते.

२६ एप्रिल

वळीव. साडेसहालाच आभाळ भरून आलं, पावणेसातला वारा सुटला आणि लाईट गेली. मी तिथेच होते. तात्यांचा हात सवयीने खणाकडे गेला, वही बाहेर काढून त्यांनी टेबलावर ठेवली. पत्र्यावर गारा वाजत होत्या, रांग सगळी आत येऊन दाटीवाटीने उभी राहिली. पावत्या निघत राहिल्या. शेवटची पावती झाली तेव्हा सात वाजून सतरा मिनिटं झाली होती. लाईट आठला आली.

वही उघडलीच नाही. तात्या तिच्यावर चहाचा कप ठेवून बसले होते.

२८ एप्रिल

उरलेल्या तेरा संस्थांपैकी नऊ ठिकाणी हाच काटा आहे, तिथे या आठवड्यात जाऊन येते. चार ठिकाणचा काटा वेगळा आहे, तो आपणहून आकडा पाठवत नाही, मागितला तरच देतो. म्हणजे तिथे विचारावंच लागणार. काट्यावर किटली ठेवली हे दुसऱ्या कुठल्या खुणेवरून कळतं का, की सभासदाचा नंबर टाकल्यावरच विचारायला सुरुवात करायची? दुसरं जास्त बरं वाटतंय. एक काटा उद्या घरी घेऊन येते.